बॉनेटखालून धूर: खानदेशातल्या गाडीवाल्यांचे अनुभव

गेल्या महिन्यात पारोळ्याजवळ रस्त्याच्या कडेला एका गाडीचा जळका सांगाडा दिसला. काचा नाहीत, टायर नाहीत, नुसता करपलेला पत्रा. मला माझी गाडी आठवली. आपल्याकडे उन्हाळ्यात असं काही दिसलं की "उन्हाने पेटली" म्हणून लोक पुढे जातात. ज्यांच्या गाडीने पेट घेतला किंवा थोडक्यात वाचली, त्यांनी इथे लिहावं ही विनंती. आधी काय जाणवलं, त्या वेळी काय केलं, नंतर पैशाचं काय झालं, सगळं लिहा. सुरुवात मी करते.

2019 चा मे महिना. आम्ही चौघं जळगावहून चाळीसगावमार्गे कन्नडला नणंदेकडे निघालो होतो. गाडी पेट्रोलची, 9 वर्षं जुनी. त्याआधी चार दिवस सकाळी गाडी काढताना पेट्रोलचा वास यायचा. टाकी गळ्यापर्यंत भरली म्हणून येत असेल, असं आम्ही धरून चाललो. कन्नड घाट निम्मा चढलो, एसी चालू, गाडी दुसऱ्या गिअरवर, आणि बॉनेटच्या फटीतून पातळ धूर यायला लागला. ह्यांनी गाडी डोंगराच्या अंगाला घेतली, किल्ली बंद केली, मुलांना उतरवलं. इथवर सगळं बरोबर झालं. मग ह्यांनी बॉनेट उघडलं.

आत आग असेल मुठीएवढी. वारा मिळाला आणि ती भपकन वर आली. ह्यांच्या भुवया जळाल्या, उजव्या मनगटावर फोड आले. तेव्हा या घाटात अवजड वाहनांना बंदी नव्हती. मागच्या ट्रकचा ड्रायव्हर आग विझवायचा लाल सिलिंडर घेऊन धावत आला, "ताई, पोऱ्हेस्ले दूर नेई जा" म्हणत. पावडर मारली, आग बसली, आणि अर्ध्या मिनिटात पुन्हा पेटली, कारण पेट्रोल गळतच होतं. लहान सिलिंडर जेमतेम 8-10 सेकंद चालतो. दुसरा नव्हता. चाळीसगावहून बंब येईपर्यंत डॅशबोर्ड वितळून सीटवर उतरला होता.

इंजिनाकडे जाणारा पेट्रोलचा रबरी पाईप क्लिपजवळ कडक होऊन चिरला होता, हे नंतर कळलं. थेंब पडत होते ते एक्झॉस्टच्या तापलेल्या मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनातला जळका वायू बाहेर नेणाऱ्या लोखंडी नळ्यांवर. चार दिवसांचा वास तोच होता. त्या माउलीसारख्या ड्रायव्हरचं नावही आम्ही विचारलं नाही, याची रुखरुख अजून आहे.

धुळ्याहून, गॅरेज चालवणारे

ताई, आधी एक गोष्ट सांगतो. नुसत्या उन्हाने गाडी पेटत नाही. 45 अंशांत पेट्रोल आपोआप पेट घेत नाही, त्याला 250 अंशांच्या आसपास तापलेली जागा किंवा ठिणगी लागते. ऊन काय करतं, तर रबर वाळवतं, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) कमी असेल तर इंजिन तापवतं, आणि जी चूक आधीच करून ठेवलेली आहे ती उघडी पाडतं.

माझ्याकडे जळकी गाडी आली की मी तीन जागा आधी बघतो. पहिली, बाहेरून बसवलेलं वायरिंग. मोठा हॉर्न, फॉग लाइट, म्युझिक सिस्टीम. रिले (जास्त करंट सांभाळणारा स्विच) न लावता थेट बॅटरीवरून वायर ओढलेली असते, जोडाला नुसती टेप. फ्यूज उडायला लागला की 10 अँपिअरच्या जागी 30 चा टाकून देतात. फ्यूज उडतो म्हणजे तो आपलं काम करतो आहे. मोठा फ्यूज टाकला की त्याच्याऐवजी वायर जळते. दुसरी जागा, ऑइलची गळती. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचं गॅस्केट गेलं की ऑइल मॅनिफोल्डवर ओघळतं. सिग्नलला थांबल्यावर जळक्या ऑइलचा वास येतो, तो याचा. तिसरी, उंदीर. शेतात, गोठ्याशेजारी, धान्याच्या गोदामाजवळ गाडी उभी राहते, उंदीर इंजिनाच्या उबेला येतात, वायरचं आवरण कुरतडतात, वर कापूस-चिंध्या आणून घर करतात. म्हणजे ठिणगी आणि सरपण एकाच जागी.

आणि स्वतःच्या धंद्यातलं खरं सांगतो, पुसायचं फडकं इंजिनावर विसरून राहिल्यानेही गाडी पेटलेली मी पाहिली आहे. गाडी सर्व्हिसिंगहून आली की घरी नेण्याआधी बॉनेट उघडून स्वतः एकदा नजर टाका.

रावेरहून, केळीचे व्यापारी

माझी गाडी चालताना नाही, उभी असताना पेटली. कापणी बघायला गेलो होतो. बांधावर वाळलेलं गवत आणि केळीची वाळकी पानं पडलेली, त्यावरच गाडी लावली. 40 किलोमीटर पळून आलेली डिझेल गाडी, खालचा सायलेन्सर लालबुंद. दहा मिनिटांनी मजूर ओरडला, "शेट, गाडीखाले धूर निंघी ऱ्हायना!" शेतात मोटर चालू होती, पाईप ओढून गवत आणि खालचा भाग विझवला. पेटलं होतं ते गवत, म्हणून पाणी चाललं. इंधन पेटलं असतं तर पाण्याने ते तरंगत आणखी पसरलं असतं, हे मला नंतर कळलं. आता गवतावर, पऱ्हाटीच्या ढिगाजवळ, कुटारावर गाडी लावत नाही, कितीही सावली असो.

भुसावळहून

आमचा प्रसंग छोटा आहे. नशिराबादजवळ पांढरा धूर निघाला, सगळे घाबरून उतरलो. ती वाफ होती, रेडिएटरचा पाईप सुटला होता. वास गोडसर होता, रबराचा किंवा प्लास्टिकचा नव्हता. पण उतरलो ते बरोबरच केलं असं मला वाटतं, कारण लांबून वाफ आणि धूर सारखेच दिसतात. एकच सांगते, अशा वेळी रेडिएटरचं झाकण उघडू नका. माझ्या दिराने उघडलं, छाती आणि हनुवटी भाजली.

शहाद्याहून, गाडीला सीएनजी किट बसवलेले

कोंडाईबारी घाटात वायरिंग जळाल्याचा वास आला. मी गाडी बंद केली आणि मागे जाऊन सिलिंडरचा व्हॉल्व्ह हाताने फिरवून बंद केला. किट बसवणाऱ्याने पहिल्याच दिवशी तो व्हॉल्व्ह माझ्याकडून चार वेळा बंद-चालू करून घेतला होता, त्याचे उपकार. तेव्हा ज्वाळा नव्हत्या म्हणून मी हात घातला. आग दिसत असती तर गाडीमागे गेलो नसतो. सीएनजी सिलिंडरची दर 3 वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) करायची असते, पाटीवर तारीख कोरलेली असते, ती तपासा.

माझ्या साडूची गाडी मात्र पूर्ण गेली. त्याने किट बाहेरून बसवलं, आरसी बुकवर चढवलं नाही, विमा कंपनीला कळवलं नाही. दावा नाकारला गेला. हप्ते अजून चालू आहेत.

जळगावहून, वाहन विम्याचे सर्व्हेअर

वरचं वाचून राहवलं नाही. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःची गाडी जळाल्याचा एक रुपयाही मिळत नाही. जुन्या गाडीला बरेच लोक तेवढाच विमा ठेवतात आणि आगीचा धोका जुन्या गाडीलाच जास्त. सर्वसमावेशक पॉलिसीत आग, स्फोट आणि आपोआप पेट घेणं हे सगळं येतं. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीवर लिहिलेल्या गाडीच्या किमतीच्या 75 टक्क्यांवर गेला तर गाडी पूर्ण गेली असं धरतात. त्याखाली असेल तर दुरुस्ती मिळते, पण रबर आणि प्लास्टिकच्या भागांना 50 टक्के घसारा कापला जातो, झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याचं जादा कव्हर घेतलेलं नसेल तर. कर्ज चालू असेल तर पैसे आधी बँकेला जातात.

आग विझली की त्याच दिवशी कंपनीला कळवा. अग्निशमन दलाचा दाखला आणि पोलिसांचा पंचनामा मागून घ्या. आणि सर्व्हेअर येईपर्यंत गाडी हलवू नका, धुऊ तर मुळीच नका. माणसं भावनेच्या भरात जळकं सामान काढून टाकतात आणि आग कुठून लागली हे शोधणंच अशक्य होतं. रस्ता अडत असेल तर हलवण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा.

नंदुरबारहून, अग्निशमन दलातून निवृत्त

धूर दिसला की किल्ली बंद, माणसं बाहेर, 112 किंवा 101 ला फोन. गाडीपासून तीसेक मीटर लांब, वाऱ्याकडे पाठ करून. प्लास्टिक आणि फोमचा धूर विषारी असतो, माणूस कोसळू शकतो. बॉनेटखाली आग आहे असं वाटलं तर ते उघडायचं नाही. एबीसी पावडरचा (लाकूड-कापड, तेल-पेट्रोल आणि गॅस अशा आगींवर चालणारा) सिलिंडर असेल आणि आग छोटी असेल, तरच बॉनेटचा खटका ओढून ते बोटभर सैल करायचं आणि त्या फटीतून पावडर मारायची. एक सिलिंडर संपेपर्यंत विझली नाही तर सोडून द्या. गाडीसमोर किंवा मागे उभं राहू नका. डिकीचं दार उचलून धरणारे गॅस शॉकअप तापून गोळीसारखे सुटतात. जे धडाधड आवाज येतात ते बहुतेक टायर फुटण्याचे असतात, पण त्या आवाजाने घाबरून लोक उलटसुलट पळतात आणि दुसऱ्या गाडीखाली येतात.

आग विझवायचा सिलिंडर डिकीत ठेवू नका, सामानाखाली दबतो. पुढच्या सीटखाली पट्ट्याने घट्ट बांधा. काटा हिरव्यात आहे का ते महिन्याला बघा आणि पावडर तळाला बसू नये म्हणून उलटा करून हलवा.

अमळनेरहून

आमच्या गाडीत मागे माझी आई आणि दोन वर्षांची मुलगी होती. चोपड्याच्या रस्त्यावर गाडी अचानक बंद पडली, डॅशबोर्डखालून धूर आला आणि सेंट्रल लॉक अडकलं. पुढचं दार मी आतल्या लिव्हरने उघडलं. मागच्या दोन्ही दारांना चाइल्ड लॉक, म्हणजे ती आतून उघडत नाहीत. ते आम्हीच लावलं होतं, मुलीसाठी.

मी मागचं दार बाहेरून ओढत होतो, पण सेंट्रल लॉकमुळे ते उघडेना. आईने मुलीचा पट्टा सोडवला, तिला पुढच्या दोन सीटच्या मधून माझ्या बायकोच्या हातात दिलं. मग स्वतः यायला निघाली तर नेसलेलं पातळ गिअरच्या दांड्यात अडकलं. 71 वर्षांची बाई, गुडघे दुखणारी. तिने ते पातळ दोन्ही हातांनी फाडलं आणि बाहेर आली. शेतातून माणसं धावत आली, कोणीतरी आपलं उपरणं तिच्या अंगावर टाकलं.

आग मोठी झालीच नाही. डॅशबोर्डमागची वायर जळून आपोआप विझली, दुरुस्तीला 14 हजार लागले. गाडी आजही वापरतो. काच फोडायची हातोडी मी दाराच्या कप्प्यात ठेवली होती, पण आईने ती काढून घेतली. ती म्हणते मागे बसणार मी, तर माझ्याकडे पाहिजे. तिच्या पिशवीत चंचीशेजारी असते ती.