सिम्शियन आणि इंडोनेशियातले मच्छीमार : आर्थिक तुलना नेमकी कशाची करायची?

मृण्मयी_डी

नमस्कार मंडळी. मी अर्थशास्त्राच्या एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रबंधासाठी समुद्रावर जगणारे दोन समाज घेतलेत. एक सिम्शियन, म्हणजे कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात स्कीना नदीच्या मुखाशी आणि आसपासच्या बेटांवर राहणारे मूळ रहिवासी. दुसरे इंडोनेशियातले मच्छीमार.

बाईंनी सांगितलं, आधी आकड्यांचा तक्ता कर. केला. दरडोई उत्पन्न इंडोनेशियाचं साधारण ५,००० डॉलर, कॅनडाचं त्याच्या दहापट. वीज, नळ, शाळा, दवाखाना, प्रत्येक ओळीत कॅनडा वर. पण सिम्शियनांबद्दल वाचायला घेतलं की बेकारी, घरांची टंचाई आणि गेलेली मासेमारी हेच पुन्हा पुन्हा समोर येतं. इंडोनेशियाबद्दल वाचलं तर सगळीकडे वाढीचा दर. तक्ता एक सांगतो आणि वाचन दुसरंच.

इथे जहाजावर नोकरी केलेले आणि कॅनडात राहणारे बरेच जण आहेत. तुम्ही ही माणसं पाहिली असतील तर सांगा, तुलना करायची ती कशाची?

---

हर्णैकर

मृण्मयी, मी तीस वर्षं मालवाहू जहाजांवर इंजिनिअर होतो. अर्थशास्त्र शिकलेलो नाही. पण दोन्ही ठिकाणी जहाज थांबलंय, आणि वडील हर्णैला मासेमारी करायचे म्हणून माझं लक्ष क्रेनपेक्षा होड्यांकडे जायचं. तेवढ्या जोरावर लिहितो.

पहिली गोष्ट. "इंडोनेशियन" हा एक समाज धरू नकोस. ती २७ कोटींहून जास्त माणसं आहेत, हजारो बेटांवर पसरलेली. सिम्शियन हजारांत मोजावे लागतात. जाकार्तातला बँकेतला कारकून आणि लेंबाता बेटावरचा मच्छीमार यांची सरासरी काढून ती लॅक्स क्वालाम्स या सिम्शियन गावातल्या एका घरासमोर ठेवलीस तर हाती काही लागणार नाही. एक नदीमुख घे आणि दुसऱ्या नदीमुखाशी लाव. मी पाहिलेली दोन सांगतो.

पूर्व कालिमांतानमध्ये, म्हणजे बोर्निओ बेटाच्या इंडोनेशियातल्या भागात, महाकाम नदीच्या मुखाबाहेर मुआरा बेराऊ नावाचं अँकरेज आहे, जहाजं नांगर टाकून उभी राहतात ती जागा. सामारिंदा शहराकडून कोळशाचे बार्ज येतात आणि तरंगत्या क्रेनने कोळसा होल्डमध्ये, म्हणजे जहाजाच्या पोटात, पडतो. त्यातला कितीतरी आपल्याकडच्या वीजकेंद्रांत जळतो. मी स्वतः तो माल घेऊन भारतात आलोय. एकदा दाढ इतकी ठणकली की एजंटच्या बोटीतून सामारिंदाला जावं लागलं. परतताना बोट मुखाजवळच्या एका लाकडी धक्क्याला लागली. धक्का, बर्फाची पेटी, डिझेलची पिंपं, वजनकाटा, सगळं एकाच माणसाचं. त्याला तिथे पोंगावा म्हणतात. मच्छीमाराला इंजिन, जाळं, डिझेल तोच देतो, पोराच्या आजारपणाला पैसेही देतो. बदल्यात कोळंबी त्यालाच घालायची, तो म्हणेल त्या भावाने.

मला ते पाहून काही नवल वाटलं नाही. आमच्याकडे हर्णैला दलाल होता. मोसमाच्या तोंडाला त्याच्याकडून उचल घेतली की किनाऱ्यावरच्या लिलावात बोली कितीही चढो, वडिलांच्या हातात काय पडणार ते आधीच ठरलेलं असायचं.

महाकामच्या मुखाची अजून एक गोष्ट तुझ्या कामाची आहे. १९९७-९८ च्या आर्थिक संकटात, ज्याला ते क्रिस्मोन म्हणतात, त्यांचा रुपिया डॉलरला अडीच हजारांच्या आसपास होता तो दहा हजारांच्या पलीकडे घसरला. शहरातला पगारदार बुडाला. पण कोळंबी डॉलरमध्ये विकली जायची, म्हणून इथे उलट पैशाचा पूर आला. लोकांनी निपा पामची आणि खारफुटीची जंगलं तोडून मैलोन्मैल तळी खणली. पुढे पाणी बिघडलं, कोळंबीला रोग आले, तळी ओस पडली. ती खणायला पैसा कुठून आला होता? मोठ्या प्रमाणावर पोंगावाकडूनच. तळं गेलं तरी कर्ज राहिलं. दरडोई उत्पन्नाच्या आकड्यात हे कर्ज तुला कुठे दिसणार?

आता स्कीना. २००९ मध्ये गहू भरायला स्कीनाच्या मुखाजवळच्या प्रिन्स रूपर्ट बंदरात गेलो होतो. पाऊस असला की धान्य भरत नाहीत, होल्डची झाकणं बंद करतात, आणि हे कॅनडातल्या सगळ्यात पावसाळी गावांपैकी एक. दोन दिवसांचं काम नऊ दिवस चाललं. खलाशांना गावात सोडायला एक व्हॅन यायची. तिचा चालक साठीच्या पुढचा सिम्शियन माणूस होता, जुना मच्छीमार. मी मच्छीमाराचा मुलगा म्हटल्यावर त्याने मला पोर्ट एडवर्डचा जुना कारखाना दाखवला. १८८९ मध्ये सुरू झालेला सॅमन डबाबंद करायचा कारखाना, आता संग्रहालय आहे. चालकाची आई आणि आजी तशाच एका कारखान्यात उभं राहून डबे भरायच्या, डब्यामागे मजुरी. वडील कारखान्याच्या बोटीवर. बोट कारखान्याची, जाळं कारखान्याचं, दुकानातली उधारीही त्याच्याच वहीत. मोसम संपला की सगळं कापून उरेल ते हातात. माझ्या तोंडून मराठीतच निघालं, "म्हणजे दलालच की."

पण तिथे पुढे जे झालं ते महाकामवर झालेलं नाही. १९६८ मध्ये कॅनडा सरकारने सॅमनच्या बोटींना मोजके परवाने द्यायची पद्धत आणली. परवाना माणसाला नव्हता, बोटीला होता. कंपन्यांनी भाड्याच्या जुन्या बोटी मोडीत काढल्या आणि त्या बोटींवर जगणारा मूळ रहिवासी किनाऱ्यावर आला. परवाना ही विकायची वस्तू झाली, किमती चढल्या. १९८२ मध्ये सिम्शियन आणि शेजारचे मूळ रहिवासी निस्गा व गिट्क्सान यांनी मिळून सरकारी पैशातून एका मोठ्या कंपनीच्या उत्तरेकडच्या बोटी विकत घेतल्या, म्हणून काही परवाने तरी त्यांच्यात टिकले. मग १९९६ मध्ये सरकारने ताफा निम्म्यावर आणायची योजना काढली आणि उरलेल्यांतल्या बऱ्याच जणांनी परवाने विकून टाकले. व्हॅनवाल्यानेही तेव्हाच विकला. म्हणाला, पैसे दोन वर्षांत संपले, आणि मुलगा बोटीवर काही शिकला नाही ते कायमचं.

म्हणून माझं सांगणं असं: घरात किती पैसे येतात ते लिही, पण त्याच्या शेजारी दोन प्रश्न लिही. माशाचा भाव कोण ठरवतं? आणि मासा धरायचा हक्क कोणाच्या नावावर आहे? कालिमांतानच्या माणसाच्या हातात भाव नाही, पण उद्या सकाळी होडी पाण्यात ढकलायला त्याला फारसं कोणी अडवत नाही. सिम्शियन माणसाच्या घरी हीटर आहे, दवाखाना फुकट आहे, म्हातारपणी पेन्शन आहे; आणि आजा-पणजाच्या नदीत विकायला मासा धरायचा तर परवाना दुसऱ्याच्या तिजोरीत.

---

उत्तरवारा

हर्णैकर काका, फार चांगलं लिहिलंत. मी बारा वर्षं उत्तर ब्रिटिश कोलंबियात नर्स आहे. थोडी भर घालते, थोडा मतभेदही.

"दवाखाना फुकट" हे खरं, पण तो कुठे आहे तेही बघावं लागतं. हार्टली बे या सिम्शियन गावाला रस्ताच नाही, बोटीने किंवा सी-प्लेनने जायचं. गावात मोटारी नाहीत, फळ्यांच्या वाटा आहेत. तिथून येणाऱ्या बाळंतिणीला तारखेच्या कितीतरी आधी घर सोडून शहरात येऊन राहावं लागतं. तो खर्च, ती गेलेली मजुरी, मागे राहिलेली मुलं, हे कुठल्या तक्त्यात धरायचं? दूध-भाजीही जहाजाने येते, त्यामुळे तिथला डॉलर व्हँकुव्हरच्या डॉलरइतका चालत नाही.

मृण्मयी, कॅनडाची सरासरी सिम्शियनांना लावू नकोस. इथलं सरकार गावांचा एक निर्देशांक काढतं, शिक्षण, रोजगार, उत्पन्न आणि घरं धरून, शंभरपैकी. २०१६ मध्ये मूळ रहिवाशांच्या गावांची सरासरी ५८.४ होती आणि बाकीच्या गावांची ७७.५. तुझा खरा आकडा या दरीत आहे.

घरांचं सांगते. राखीव जमीन कायद्याने सरकारची, वापर गावाचा. १८७६ च्या इंडियन ॲक्टमुळे ती बाहेरच्या बँकेकडे गहाण ठेवता येत नाही. त्यामुळे जमीन कोणी लुबाडू शकत नाही हे खरं, पण माझ्या सहकाऱ्यांनी ज्या सहजतेने घरावर कर्ज काढून धंदा सुरू केला तसं तिथल्या माणसाला करता येत नाही. शिवाय १९२७ ते १९५१ या काळात जमिनीच्या दाव्यासाठी पैसे गोळा करणं आणि वकील लावणं हाच गुन्हा होता. चोवीस वर्षं. गरिबी कुठून आली असं विचारणाऱ्याला मी आधी हे सांगते.

आता मतभेद. काका, तुमच्या लिहिण्यातून ती माणसं नुसती गमावणारीच वाटतात. मे २०१५ मध्ये लॅक्स क्वालाम्सच्या लोकांसमोर मलेशियाच्या पेट्रोनास कंपनीच्या गॅस प्रकल्पासाठी सुमारे ११५ कोटी डॉलरचा प्रस्ताव होता, ४० वर्षांत मिळणारा. सभासद ३,६०० च्या आसपास. म्हणजे वर्षाला माणशी ८,००० डॉलरच्या जवळपास. जागा लेलू बेटाची, शेजारी फ्लोरा बँक, जिथे स्कीनातून उतरलेली सॅमनची पिल्लं समुद्री गवतात वाढतात. तीन ठिकाणी सभा झाल्या आणि तिन्हीकडे लोकांनी नाही म्हटलं. नंतर २०१७ मध्ये नव्या कौन्सिलने करार केले तेव्हा गावात भांडणंही झाली, आणि त्याच वर्षी जुलैत कंपनीनेच प्रकल्प सोडला. पण ज्या घरांत पैशाची खरोखर गरज होती त्या घरांनी पिल्लांची जागा पैशापेक्षा मोठी मानली होती. हे दारिद्र्याच्या रकान्यात बसत नाही.

---

मृण्मयी_डी

दोघांचे मनापासून आभार. दोन शंका. एक, इंडोनेशियात जमिनीचा आणि पाण्याचा पारंपरिक हक्क कायद्यात आहे का? दोन, सिम्शियन अलास्कातही आहेत असं वाचलं. त्यांना वेगळं धरू का?

---

हर्णैकर

उत्तरवारा, तुमचं म्हणणं मान्य आहे. मी नऊ दिवस पाहिलं, तुम्ही बारा वर्षं.

मृण्मयी, अलास्कावाले वेगळेच धर, आणि सोडू तर मुळीच नकोस. १८८७ मध्ये विल्यम डंकन या मिशनऱ्याबरोबर आठशेच्या आसपास सिम्शियन कॅनडातून अलास्कात गेले आणि ॲनेट बेटावर नवं मेटलाकाटला वसवलं. १८९१ मध्ये अमेरिकी काँग्रेसने ते बेट त्यांच्यासाठी राखून दिलं, आणि १९१६ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेने बेटाभोवतीचं ३,००० फूट पाणीही. १९७१ मध्ये अलास्कातल्या इतर मूळ रहिवाशांनी पैसे आणि जमिनी घेऊन तडजोड केली तेव्हा हे लोक बाहेर राहिले, आपलं बेट आणि पाणी धरून. तेच लोक, तीच भाषा, एका गटाकडे स्वतःचं पाणी आणि दुसऱ्याकडे परवान्याची रांग. अशी तुलना तुला दुसरीकडे मिळणार नाही.

इंडोनेशियात या परंपरेला आदात म्हणतात. जंगलाबाबत त्यांच्या घटना न्यायालयाने २०१३ मध्ये निकाल दिला की आदात समाजाचं जंगल हे सरकारी जंगल नाही. त्या खटल्याचा क्रमांक ३५, आणि कॅनडाच्या १९८२ च्या राज्यघटनेत मूळ रहिवाशांच्या हक्कांचं कलमही ३५. दोन्हीकडे कागदावर मान्यता आहे आणि दोन्हीकडे ती मिळवायला कोर्टात आयुष्यं जातात. लॅक्स क्वालाम्सचाच दावा बघ. पूर्वी ते नॅस नदीवर ऊलिकन या लहान तेलकट माशाचं तेल काढून डोंगरापलीकडच्या लोकांशी मोठा व्यापार करायचे. त्या व्यापारावरून आज सगळी मासळी विकायचा हक्क मिळावा, असं ते म्हणाले. २०११ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, तेलाच्या व्यापारातून बाकीच्या माशांचा हक्क निघत नाही.

समुद्राचा आदात पाहायचा तर इंडोनेशियाच्या पूर्वेकडच्या मालुकू बेटांवर जा. तिथे सासी असते: गावाने ठरवलेल्या दिवसापर्यंत ठरावीक मासे किंवा शिंपले कोणी काढायचे नाहीत, आणि ते उघडायचा दिवस अख्ख्या गावाचा. महाकामच्या मुखाशी मला तसं काही दिसलं नाही. तिथले बहुतेक जण सुलावेसी बेटावरून आलेले बुगी लोक. जुना नियम नाही, म्हणून पोंगावाचा शब्द हाच नियम.

अजून एक सुचवतो. बायकांची कमाई वेगळ्या रकान्यात लिही. स्कीनावर कारखाने बंद पडले तेव्हा बोटीवरच्या पुरुषांची चर्चा झाली. डबे भरणाऱ्या बायकांची मजुरी त्याच दिवशी गेली. महाकामच्या धक्क्यावर कोळंबी निवडणाऱ्या सगळ्या बायकाच होत्या. त्यांतल्या एकीला एजंटमार्फत विचारलं, दिवसाचे किती मिळतात? ती म्हणाली, नवऱ्याच्या खात्यातून वळते होतात. माझी आई बांगडे सुकवून दापोलीच्या बाजाराला न्यायची. दलालाची उचल ज्या वर्षी फिटली नाही त्या वर्षी आमच्या फीचे पैसे त्या टोपलीतून आले. वडिलांच्या वहीत ती टोपली कधीच लिहिलेली नव्हती.