हिटलर १९३९ मध्येच मेला असता तर?

माहुलीकर: आमचे आजोबा मराठा पलटणीतून इटलीत लढले. सँग्रो नदीकाठचा चिखल गुडघाभर, बूट काढायला नाड्या कापाव्या लागायच्या म्हणे. परवा वाचलं, ८ नोव्हेंबर १९३९ ला म्युनिकच्या बिअर हॉलमध्ये गेओर्ग एल्सर नावाच्या सुतारानं खांब पोखरून बॉम्ब ठेवला होता. धुक्यामुळं विमान नको, रेल्वे गाठू म्हणून हिटलर लवकर उठला. तेरा मिनिटांनी स्फोट! तो मेला असता तर आजोबा गावीच राहिले असते का?

वाईचा_गणपत: युद्ध पेटलेलंच होतं, पोलंड गिळून झाला होता. गादी हिटलरचा उजवा हात गोअरिंगकडं गेली असती, तसं १ सप्टेंबरलाच जाहीर झालेलं. पण फ्रान्सवर घाईनं हल्ला करायला ब्राउखिच, हाल्डर हे जर्मन सेनापती दोघंही नाखूश. बेल्जियमकडच्या आर्देन्सच्या जंगलातून रणगाडे घुसवायची जनरल मॅनस्टाइनची कल्पनाही हिटलरनंच उचलून धरली. माझ्या मते पॅरिस पडलं नसतं.

कराडची_सून: मग मुसोलिनीही काठावरच बसला असता की. फ्रान्स कोसळताना बघूनच त्यानं जून १९४० मध्ये उडी घेतली, आयत्या पिठावर रेघोट्या! म्हणजे सँग्रो टळली. पण जपान होताच, आजोबा ब्रह्मदेशात गेले असते.

माहुलीकर: खरंय. आणि जपान दारात आला नसता तर बेचाळीसमध्ये ब्रिटिश मंत्री क्रिप्स बोलणी करायला भारतात आला असता का? बेचाळीसचं आंदोलन, नाना पाटलांचं प्रतिसरकार? कुंडलकडचं कुणी असेल तर लिहा.