सौर पंपाच्या अनुदानाला पाण्याची अट असावी का?

मोसंबीवाला (बदनापूर)

सोलरच्या प्लेटा नाहीत असं रान आता आमच्या शिवारात शोधावं लागतं. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत आपण १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के, बाकीचे केंद्र आणि राज्य सरकार भरतं. अडीच एकरांपर्यंत ३ अश्वशक्ती, पाच एकरांपर्यंत ५, त्यापुढे साडेसात. मीही ५ चा घेतला आहे. विजेचं कोटेशन भरून किती वर्षं वाट पाहिली ते मोजणंही सोडून दिलं होतं. त्यामुळे योजनेवर माझा राग नाही.

पण विहिरीचं सांगतो. आधी डिझेल इंजिन होतं. डिझेलचा भाव डोळ्यासमोर ठेवूनच ते सुरू करायचो, बागेला लागेल तेवढंच पाणी काढायचो. आता ऊन चढलं की मोटार सुरू, ऊन उतरलं की बंद. फुकट आहे म्हणून कोणी बंद करत नाही. दिवाळीनंतर शेजाऱ्याने विहिरीतून शेततळं भरायला घेतलं. तो भरतोय म्हटल्यावर मीही माझं भरलं, नाहीतर माझ्या वाट्याचं पाणी त्याच्या शेततळ्याच्या पन्नीत गेलं असतं. जमिनीखाली सावलीत असलेलं पाणी आम्ही दोघांनी मिळून उन्हात आणून ठेवलं. फेब्रुवारीत दोन्ही विहिरींचा तळ दिसला.

२०१२-१३ च्या दुष्काळात जालन्यातल्या मोसंबीच्या बागा कशा वाळल्या ते ज्यांनी पाहिलं त्यांना जास्त सांगायला नको. टँकरने झाडं जगवली, तरी निम्म्यावर कुऱ्हाड चालवावी लागली.

माझं म्हणणं असं : ज्या गावात उपसा पुनर्भरणापेक्षा, म्हणजे जमिनीत मुरणाऱ्या पाण्यापेक्षा, जास्त आहे, तिथे सौर पंपाबरोबर ठिबक सक्तीचं करा, आणि पावसाळा संपल्यावर विहिरीच्या पाण्याने शेततळं भरायला बंदी घाला. ठिबकाला अल्पभूधारकांना ८० टक्के आणि इतरांना ७५ टक्के अनुदान आहेच. तुम्हाला काय वाटतं?

शिवनेरीची लेक (जुन्नर)

दादा, तुमची कळकळ समजते, पण अट नको.

आमच्याकडे आठवड्यातले काही दिवस लाईट रात्रीची. ऊसभर बिबटे. मी आणि जाऊबाई दोघी बॅटरी घेऊन दारं धरायला, म्हणजे रानात पाणी वळवायला, जातो, एकीने पाणी बघायचं आणि दुसरीने अंधारात आवाज करत राहायचं. धाकटा दीर आता रात्री रानात पाऊलच टाकत नाही, आणि मी त्याला दोष देत नाही. माहेरी संगमनेर भागात भावाने सोलर बसवला. त्याची बायको सकाळी नऊला रानात जाते आणि संध्याकाळी दिवेलागणीला घरी असते. हे सुख काय असतं ते रात्रपाळी केलेल्यालाच कळेल. मला तो पंप हवा आहे आणि त्याच्या वाटेत आणखी एक कागद नको आहे.

आता न्यायाचं बोलू. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या विजेच्या पंपांचं बिल सरकार भरतंय. चव्वेचाळीस लाखांच्या आसपास शेतकरी त्यात आहेत. त्यांना पाण्याची अट आहे का? कॅनॉलवर पाटाने ऊस भिजवणाऱ्याला आहे का? सगळ्यात शेवटी ज्याला मोटार मिळाली, त्यालाच पहिला नियम लावायचा, हे मला पटत नाही. आणि सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बायकांना अजून योजनेच्या दारातही उभं राहता येत नाही. अटी वाढल्या की आधी आम्ही गळतो.

काळा कातळ

मी भूजलाच्या कामात आहे, म्हणून एक गोष्ट मांडतो. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसॉल्टवर, म्हणजे काळ्या कातळावर आहे. पाणी राहतं ते वरच्या झिजलेल्या मुरमात आणि खालच्या भेगांत. गंगेच्या खोऱ्यातल्या गाळासारखा इथे खोलवर साठा नाही. त्यामुळे आपल्याकडे विहीर लवकर भरते आणि लवकर रिकामीही होते. मोसंबीवाल्यांच्या दोन विहिरी एकाच भेगेवर असतील, तर त्या दोन विहिरी नाहीत, दोन तोंडांचा एकच रांजण आहे. अशा ठिकाणी एकट्याने काटकसर करायची म्हणजे शेजाऱ्याला पाणी देऊन टाकायचं. त्यांनी शेततळं भरलं तो हावरेपणा नव्हता.

ताई, तुमचा न्यायाचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. पण कायद्याने अट आधीच आहे. महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९ चा, अधिसूचित, म्हणजे सरकारने जाहीर केलेल्या, क्षेत्रात ६० मीटरपेक्षा खोल विहिरीवर त्यात बंधन आहे. ६० मीटर म्हणजे साधारण दोनशे फूट. आणि गावोगावी बोअरची गाडी किती फुटांवर थांबते ते सगळ्यांना माहीत आहे. सौर योजनेतही एक अट आहे : जलसंधारणाच्या कामांत साठलेलं पाणी या पंपाने उपसायचं नाही. बंधाऱ्याच्या काठावर पाइप टाकलेला कोणी पाहिला नाही का?

म्हणून मला दंडापेक्षा गुजरातचा प्रयोग जवळचा वाटतो. खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावात २०१६ मध्ये शेतकऱ्यांनी सौर पंपांची सहकारी संस्था काढली आणि पंप विजेच्या जाळ्याला जोडले. पाणी लागत नाही तेव्हा ते वीज विकतात. मोटार बंद ठेवली की पैसे मिळतात, तेव्हा पाण्याला आपोआप किंमत येते. आपले पंप मात्र जाळ्यापासून तुटलेले आहेत. प्लेटांवर पडणाऱ्या उन्हाचं पाणी उपसण्यापलीकडे शेतकरी काहीच करू शकत नाही. चूक इथे आहे.

वऱ्हाडी रान (यवतमाळ)

भाऊ, तुमचं भांडण पाण्यावाल्यांचं आहे. आमच्याकडं निम्म्या विहिरींवर मोटारच नाही. सप्टेंबरात पावसाचा खंड पडला आणि कपाशीला एक पाणी मिळालं, तर बोंडं भरतात. नाही मिळालं तर पातेगळ, कळ्याच झडतात. त्या एका पाण्यासाठी सोलर घेतला, आणि त्याच जोरावर पहिल्यांदा हरभरा पेरला. दिवसा पाणी, रानात वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, कधी येतो ते डोळ्यांनी दिसते. मुंबईत बसून कोणी सगळ्या राज्याला एकच अट लावली, तर बदनापूरच्या पापाची शिक्षा यवतमाळ भोगेल.

आमचं दुखणं वेगळं आहे. मे महिन्यात वादळ आलं, चार प्लेटा उडाल्या. पाच वर्षं दुरुस्ती आणि विमा आहे असं सांगितलं होतं. फोन लावून लावून चाळीस दिवस गेले, मग माणूस आला आणि फोटो काढून गेला. प्लेटा आल्या तेव्हा पेरणी होऊन गेली होती. अट लावायची तर पंप देणाऱ्या कंपनीला लावा, की इतक्या दिवसांत दुरुस्त नाही केला तर शेतकऱ्याला भरपाई द्या.

मोसंबीवाला (बदनापूर)

वऱ्हाडी भाऊ, मी मुद्दाम ‘ज्या गावात उपसा जास्त’ असं लिहिलं आहे. तुमच्या कपाशीच्या पाण्यावर माझा डोळा नाही. दुरुस्तीचं मात्र शंभर टक्के बरोबर.

ताई, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही. मी बागेला पाणी दिवसा देतो, हे मी किती लवकर गृहीत धरलं. बिल माफीवाल्यांना अट नाही आणि आम्हाला का, याला माझ्याकडे उत्तर नाही. अट असेल तर सगळ्यांना असावी, हे मी मानतो. पण सगळ्यांना लागेपर्यंत थांबू म्हटलं, तर आमच्या विहिरी थांबणार नाहीत.

ठिबक सक्तीबद्दल मीच थोडा मागे येतो. एका मित्राने दाखवलं : ढग आला की सौर मोटारीचा दाब पडतो, शेवटच्या झाडांपर्यंत थेंब पोहोचत नाही. तो आधी उंचावरच्या टाकीत पाणी घेतो आणि तिथून उताराने सोडतो. आणि ठिबकामुळे वाचलेल्या पाण्यावर लोक आणखी दोन एकर मोसंबी लावतात, हेही खरं. मी स्वतः लावली आहे.

कातळ साहेब, ढुंडीसारखी जोडणी आपल्याकडे येईल तेव्हा येईल. आज काय करायचं?

काळा कातळ

आज करता येण्यासारखं एकच दिसतं, ते हिवरे बाजारने करून दाखवलं आहे. दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद गावासमोर ठेवायचा आणि रब्बीत काय पेरायचं ते त्यावर ठरवायचं. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, असं तिथे गावानेच ठरवलं. बाहेरचा कोणी तपासायला येत नाही, कारण शेजाऱ्याचं शेजाऱ्याला दिसतं. तुमच्या दोन विहिरींपासून सुरुवात होऊ शकते.

शिवनेरीची लेक (जुन्नर)

गावाने ठरवलं तर माझी हरकत नाही. मात्र त्या ग्रामसभेत दारं धरणाऱ्या बायका असल्या पाहिजेत. विहिरीत किती पाणी आहे ते आम्हाला रोज दिसतं, आणि सभेत बोलतात ते फक्त सातबाऱ्यावर नाव असलेले. सभा रात्री आठला ठेवू नका, त्या वेळी आम्ही रानात असतो.

आणि दादा, झोप उडवायला लिहिलं नव्हतं हो.

मोसंबीवाला (बदनापूर)

काल संध्याकाळी शेजाऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसलो. दोन्ही विहिरींत दोरी सोडून पाणी मोजलं, त्याची तेरा हात, माझी साडेबारा. कातळ साहेबांचं म्हणणं खरं दिसतंय. यंदा दोन्ही शेततळी पावसाळ्यातल्या ओढ्याच्या पाण्यावर भरतील तेवढीच ठेवायची, असं तोंडी ठरलं आहे. तो म्हणाला, “तू मोटार बंद ठेवलीस हे मला कळणार कसं?” म्हटलं, माझी मोटार तुझ्या ओट्यावरून ऐकू येते.