एकेकटा सोडलेला इलेक्ट्रॉन व्यतिकरण कोणाशी करतो?

प्रश्न : शिक्षिका, रत्नागिरी

नमस्कार. मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. विवर्तन शिकवताना मुलांना मिरकरवाडा बंदर आठवायला सांगितले की पुरते. बंधाऱ्याच्या तोंडातून आत शिरलेली लाट कशी पसरत जाते, हे बहुतेकांनी लहानपणापासून पाहिलेले असते. अडचण येते ती इलेक्ट्रॉनपाशी. पाण्याच्या दोन लाटा एकमेकींत मिसळून कुठे वाढतात, कुठे विरतात, म्हणजे व्यतिकरण करतात, हे पटते, पण दोन फटींकडे इलेक्ट्रॉन एका वेळी एकच सोडला तरी पलीकडच्या पडद्यावर तसेच पट्टे उमटतात, असे पुस्तक सांगते. मग तो एकटा इलेक्ट्रॉन व्यतिकरण करतो तरी कोणाशी? तो अर्धा एका फटीतून आणि अर्धा दुसरीतून जातो, असे सांगितले तर चालेल का?

उत्तर : निवृत्त प्राध्यापक, मालवण

ताई, 'अर्धा-अर्धा' असे कृपया सांगू नका. अर्धा इलेक्ट्रॉन कोणत्याही उपकरणात कधीच सापडत नाही. जेव्हा जेव्हा तो नोंदला जातो, तेव्हा पूर्ण विद्युतभारासह, एकाच ठिपक्याच्या रूपात नोंदला जातो.

वर्गात १९८९ साली प्रसिद्ध झालेला अकिरा तोनोमुरा आणि सहकाऱ्यांचा प्रयोग अवश्य सांगावा. त्यात खऱ्या अर्थाने फटी नव्हत्याच. धन विद्युतभारित केलेल्या, एक मायक्रॉनहूनही बारीक तंतूच्या डाव्या आणि उजव्या अशा दोन बाजूंनी इलेक्ट्रॉनला वाट होती. ५० हजार व्होल्टने वेग दिलेले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या सुमारे ४० टक्के वेगाने धावत होते आणि सेकंदाला हजाराहून कमी पोहोचत होते. हिशेब केला, तर लागोपाठच्या दोन इलेक्ट्रॉनांमध्ये सरासरी शंभराहून अधिक किलोमीटर अंतर पडते, म्हणजे आपल्या रत्नागिरीपासून मालवणपर्यंतच्या सरळ रेषेतल्या अंतराएवढे, आणि उपकरण तर एका खोलीत मावणारे. एकाने दुसऱ्याला धक्का दिला असेल, ही शंका इथेच मिटते. सुरुवातीचे ठिपके वाटेल तसे विखुरलेले दिसतात; हजारो ठिपके जमले की मात्र पट्टे स्पष्ट होतात.

आता आपला मूळ प्रश्न. एका ठिकाणी पोहोचण्याच्या दोन वाटा असतील आणि कोणती वाट घेतली याची कुठेही नोंद उरत नसेल, तर प्रत्येक वाटेसाठी एक संभाव्यता-आयाम, म्हणजे संभाव्यता काढण्यासाठी वापरायची एक संख्या, असते. आधी त्या दोन आयामांची बेरीज करायची आणि मग तिच्या परिमाणाचा वर्ग घ्यायचा. तो वर्ग म्हणजे तिथे इलेक्ट्रॉन सापडण्याची संभाव्यता, हा माक्स बोर्न यांनी १९२६ मध्ये मांडलेला अर्थ. आयाम परस्परविरुद्ध चिन्हांचेही असू शकतात, म्हणून काही ठिकाणी बेरीज शून्य होते आणि तिथे काळा पट्टा पडतो. थोडक्यात, व्यतिकरण होते ते त्याच एका इलेक्ट्रॉनच्या दोन शक्यतांमध्ये. बंदराची उपमा गणितापुरती उत्तम आहे, पण लाटेत पाणी खरोखर हलते आणि इथे तसे हलणारे कोणतेही द्रव्य नाही, एवढे मुलांना आवर्जून सांगावे.

उत्तर : अभियंता, चिपळूण

एक पुरवणी. डेव्हिड बोम यांच्या १९५२ च्या मांडणीत कण एकाच वाटेने जातो आणि त्याला दिशा देणारी लहर मात्र दोन्ही वाटांनी जाते. पट्ट्यांचे भाकीत तेच येते, त्यामुळे हा प्रयोग दोहोंत निवाडा करू शकत नाही. बारावीच्या वर्गात मात्र बोर्न यांचा नियमच पुरेसा आहे, असे मला वाटते.

शिक्षिका, रत्नागिरी

आभारी आहे, सर. मुले हमखास विचारतील असे एक राहिले: 'माणसाने पाहिले की पट्टे नाहीसे होतात' हे विधान बरोबर आहे का?

निवृत्त प्राध्यापक, मालवण

नाही, आणि हा गैरसमज मला फार खटकतो. माणसाच्या नजरेचा यात काहीही संबंध नाही. वाटेची माहिती बाहेर कुठेतरी उमटणे एवढेच पुरते. व्हिएन्नातील संशोधकांनी २००४ मध्ये कार्बनच्या ७० अणूंचे रेणू लेझरने तापवून व्यतिकरणाच्या उपकरणातून सोडले. तापलेला रेणू उडता उडता फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, बाहेर टाकतो आणि त्या फोटॉनबरोबर रेणूच्या जागेची थोडी माहिती बाहेर जाते. ते फोटॉन पकडायला कोणी बसलेले नव्हते, तरीही तापमान जसजसे वाढवले तसतसे पट्टे फिके होत गेले. मुलांनी नजरेचा प्रश्न काढला, की हाच प्रयोग त्यांच्यासमोर ठेवावा.