मदत हवी आहे: डिस्कचं भोक मापात आहे, पण आतल्या धातूचं काय?

नमस्कार. आठ वर्षं गाड्यांच्या पार्ट्सच्या क्वालिटीत काढली, वर्षभरापासून लढाऊ विमानाच्या इंजिनावर डिझाइन क्वालिटी बघते. प्रोजेक्टचं नाव, पार्ट नंबर, आकडे इथे देता येणार नाहीत, समजून घ्या.

टायटॅनियमच्या फॅन डिस्कमध्ये (इंजिनाच्या पुढच्या पंख्याची पाती धरणारी फिरती चकती) बोल्टची भोकं आहेत. पुरवठादाराला ड्रिल बदलायचंय, कूलंट आतून जाणारं घ्यायचंय. त्यांनी एएस ९१०२ या विमान उद्योगाच्या मानकाप्रमाणे पहिल्या नगाची तपासणी नव्याने करून पाठवली. व्यास, गोलाई, सरफेस फिनिश, सगळं ड्रॉइंगप्रमाणे. गेज आर अँड आरही (मोजमाप किती भरवशाचं, याची चाचणी) उत्तम. डिझाइनचे लोक म्हणतात, मागितलं ते मिळालं, मग सही का अडवतेस?

माझं मन होत नाही. ६ जुलै १९९६ ला अमेरिकेत पेन्साकोलाला टेकऑफ घेताना एमडी-८८ विमानाच्या जेटी८डी इंजिनाचा फॅन हब (असाच पंख्याची पाती धरणारा भाग) फुटला, तुकडे केबिनमध्ये घुसले, दोन प्रवासी गेले. मूळ कारण एका भोकात होतं. ड्रिल करताना धातू जास्त तापला, भिंतीवर कडक थर तयार झाला आणि तिथून फटीग क्रॅक (ताण वारंवार चढउतरून पडणारी भेग) वाढला. ते प्रवासी विमान होतं. लढाऊ विमानात तर एकाच उड्डाणात थ्रॉटल कितीदा वरखाली होतो, आणि दर वेळी डिस्कवर ताण चढतो-उतरतो.

मी एक नग कापून मायक्रोस्ट्रक्चर बघायला लावलं. स्वच्छ निघालं. पण तो नव्या, धारदार ड्रिलचा नग! नुकसान होतं ते ड्रिल झिजल्यावर, चिप अडकल्यावर, कूलंट तुंबल्यावर. त्या दिवशीचा नग मी पाहिलेलाच नाही.

सगळ्यात खटकतंय ते पीएफएमईए, म्हणजे प्रक्रियेत काय बिघडू शकतं आणि ते पकडलं जाईल का, याचा तक्ता. 'ड्रिलिंगमुळे धातू खराब होणे' या ओळीत डिटेक्शनला ३ दिलेत (आकडा जितका कमी, तितका दोष सहज पकडला जातो असं धरतात), कारण पुढे फ्लोरोसंट पेनिट्रंट तपासणी आहे म्हणे. अहो, पेनिट्रंट पृष्ठभागावर उघडणारी भेग दाखवतं. भेग पडायच्या आधीचा कडक थर त्यात दिसणार कसा? त्यासाठी इचिंग (रसायनाने पृष्ठभाग कोरून धातूची रचना दिसेल असं करणं) लागतं, आणि ते करायचं तर भोकाच्या आत नीट बघता यायला हवं. हा आकडा बदलायला सांगितला तर 'शेड्यूल घसरेल' हे उत्तर मिळालं.

डिस्क-हबवर काम केलेल्यांना विचारते. ड्रिलची आयुर्मर्यादा आणि स्पिंडल लोडची (ड्रिल फिरवताना मशीनवर येणाऱ्या भाराची) मर्यादा तुम्ही ड्रॉइंगवर बांधता की फ्रोझन प्रोसेस शीटमध्ये (मंजूर करून गोठवलेली प्रक्रिया लिहिलेला कागद)? मला शीट बरी वाटते, फक्त ती आमच्या सहीशिवाय बदलता येऊ नये. आणि मुद्दाम झिजवलेल्या ड्रिलने, कूलंट कमी करून, भोकं पाडून तपासलीत का कुणी? तशी किती भोकं कापून बघितल्यावर तुम्ही सही केलीत? शुक्रवारी रिव्ह्यू आहे, त्याआधी उत्तर मिळालं तर फार मदत होईल.