मधुचंद्र, दोन बॅगा आणि युरोपातल्या गाड्या : तुमचेही अनुभव येऊ द्या

भटकभवानी :
काल रात्री भाचीने एक्सेल पाठवली. लग्न दोन महिन्यांवर आलंय आणि मधुचंद्राला रेल्वेने युरोप पालथा घालायचाय. पॅरिस, इंटरलाकेन, मिलान, व्हेनिस, रोम, व्हिएन्ना, बुडापेस्ट, प्राग, बर्लिन, ॲमस्टरडॅम. दिवस तेरा. प्रत्येक शहराला वेगळा रंग. "मावशी, बघ ना काही राहिलंय का." म्हटलं, झोप राहिलीये.

तिला हसले खरी, पण नंतर मलाच झोप लागेना. २००८ साली आम्ही हेच केलं होतं. तेव्हा युरेलचा पास (एकाच पासावर युरोपातल्या कितीतरी देशांच्या गाड्या) कागदी असायचा. दहा दिवसांचा पास म्हणजे दहा चौकोन, आणि गाडीत चढण्याआधी त्या दिवसाची तारीख पेनने चौकोनात लिहायची. खाडाखोड केलेली चालत नाही. झुरिकहून मिलानला निघालो त्या दिवशी आमच्या ह्यांनी घाईत आदल्या दिवशीची तारीख लिहिली आणि वर गिरवून आजची केली. टीसीने नेमकं गोट्टहार्डच्या बोगद्यात शिरताना पकडलं. पंधरा किलोमीटरचा तो जुना बोगदा संपेपर्यंत आम्ही दोघं गुन्हेगार. अख्खा डबा आमच्याकडे बघतोय. शेवटी त्याने तो चौकोन काट मारून बाद केला आणि पुढच्या चौकोनात नवी तारीख घालायला लावली. म्हणजे एक दिवस फुकट. त्या एका आकड्यापायी आमचं बुडापेस्ट बुडालं.

मिलानला उतरल्यावर मी ह्यांच्याशी बोलत नव्हते. फलाटावर समोर तिरानोची गाडी उभी होती, तिच्यात जाऊन बसले. कुठे जाते माहीत नाही. हे मुकाट्याने दोन्ही बॅगा घेऊन मागून. तासाभराने खिडकीतून तळं दिसायला लागलं, म्हणून व्हारेनाला उतरलो. कोमो तळ्याच्या काठचं चिमुकलं गाव. एक्सेलमध्ये (आमच्या वेळी वहीत) त्याचं नावही नव्हतं. तिथे दोन रात्री राहिलो. पलीकडे बेलाजिओला जाणारी बोट, बाकी काही करायला नाही. आज कोणी ट्रिपबद्दल विचारलं तर आम्ही दोघं तेवढंच सांगतो. पॅरिसमध्ये काय पाहिलं ते फोटो काढून बघावं लागतं.

तर येऊ द्या तुमचेही. भाचीला लिंक देणार आहे, जरा बेताने लिहा.

चहाबाज :
पहिला! आता वाचतो.

चहाबाज :
वाचलं. "बुडापेस्ट बुडालं" हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

घसरलेला डबा :
व्हिएन्नाहून रात्रीची गाडी. काही डबे रोमचे, काही मिलानचे, रात्री वाटेत गाडी तोडून दोन वाटांनी पाठवतात. हे मला माहीत होतं. पण माहीत असणं आणि त्या वेळी लक्षात असणं यात फरक आहे. आमचं काउचेट (साध्या बर्थचा कप्पा) सहा जणांचं (दोघांचा स्लीपर परवडेना, मधुचंद्राला सहा जण, असो). वरच्या बर्थवरचा मनुष्य असा घोरत होता की मी उठून डबे ओलांडत लांब जाऊन उभा राहिलो. तिथे एक भला माणूस भेटला, गप्पा रंगल्या. तो म्हणाला तू मिलानला काय करणार? मी म्हटलं मी रोमला चाललोय. त्याचा चेहरा बघून जो पळत सुटलो! बायको शांत झोपलेली. सकाळी सांगितलं तर म्हणाली, पासपोर्ट माझ्याकडे होते, मी काही अडले नसते.

डब्याच्या दाराशेजारी कुठे जाणार त्याची पाटी असते. वाचा. मग घोरणाऱ्याशी जुळवून घ्या.

रिमझिम :
+१ काउचेटला. आम्ही चार बर्थवाल्यात होतो, सोबत दोन आज्या. त्यांना कळलं नुकतं लग्न झालंय, तर त्या आपणहून दोन्ही वरच्या बर्थवर चढल्या, आम्हाला खालचे दिले. वय सत्तरच्या पुढे असेल. आम्ही नको नको म्हणतोय, त्या ऐकतायत कुठे.

शंकासुर :
पास घ्यावा की सुटी तिकिटं? मी २९, होणारी बायको २६. कोणीतरी इंटररेल सांगितलं, ते वेगळं का?

हिशोबी :
@शंकासुर, इंटररेल युरोपात राहणाऱ्यांना. आपल्याला युरेल. गाड्या त्याच. २७ वर्षांपर्यंत तरुणांचा दर लागतो, म्हणजे बायकोला स्वस्त, तुला पूर्ण. पास प्रत्येकाचा वेगळा, जोडप्याचा असा नसतो.

पास काढला की सगळं फुकट असं समजू नकोस. फ्रान्सची टीजीव्ही, इटलीची फ्रेच्चारोसा, युरोस्टार, रात्रीच्या गाड्या, यांना आरक्षण सक्तीचं आणि त्याचे पैसे वेगळे. फ्रान्समध्ये तर पासवाल्यांच्या जागा मोजक्याच असतात, गाडी रिकामी दिसली तरी तुला जागा नाही असं होतं. जर्मनीच्या आयसीई आणि ऑस्ट्रियाच्या रेलजेटमध्ये नुसतं चढून बसता येतं. म्हणून मार्ग आधी ठरव, पास नंतर. जर्मनी-ऑस्ट्रिया-स्वित्झर्लंड जास्त असेल तर पास परवडतो. पॅरिस-मिलान-रोम एवढंच असेल तर सुटी तिकिटं काही महिने आधी काढ, खूप स्वस्त पडतात. पण ती त्याच गाडीला बांधलेली, चुकली की गेली.

आणि छोट्या प्रवासाला पासचा दिवस जाळू नकोस. भटकभवानींनी व्हारेनाला जाताना काय केलं कोण जाणे.

भटकभवानी :
@हिशोबी, त्या दिवसाचा चौकोन भरलेलाच होता की, दोनदा. परतताना मात्र सुटं तिकीट काढलं, किरकोळ युरोत झालं.

शंकासुर :
धन्यवाद. रात्रीच्या गाडीला दोन दिवस मोजतात का?

हिशोबी :
नाही. बारापूर्वी चढलास आणि मध्यरात्रीनंतर गाडी बदलली नाहीस तर फक्त निघाल्याचा दिवस. सकाळी उतरून दुसरी गाडी धरलीस की मात्र दुसरा दिवस सुरू.

दुपारची डुलकी :
कोणी साडी नेली होती का मधुचंद्राला? मी तीन नेल्या. एकही नेसले नाही. सासूबाईंना फोटो हवे होते.

रिमझिम :
मी एक नेसले, ल्युसर्नच्या लाकडी पुलावर. वर जाकीट, खाली बूट. फोटो सुंदर, मी गारठलेली.

दुपारची डुलकी :
तो फोटो टाक ना!

रिमझिम :
नको गं, नवरा त्यात शिंकताना आलाय.

नवी आडनाववाली :
भाचीला एक सांगा. पासपोर्टवर जे नाव तेच पासवर, तेच व्हिसावर, तेच तिकिटावर. मी उत्साहाच्या भरात पास नवीन आडनावाने काढला, पासपोर्ट माहेरचा. साल्झबर्गला टीसी एकदा पास बघतो, एकदा पासपोर्ट. मी मोबाईलमधला मुंडावळ्या बांधलेला फोटो काढून दाखवला. तो फोटोकडे बघून म्हणाला, इथे तर तुमचा चेहराच दिसत नाही. सोडलं बिचाऱ्याने, पण घाम फुटला. नाव नंतर बदला. मी तर शेवटपर्यंत बदललंच नाही, आयडी तेवढा राहिला.

शंकासुर :
व्हिसा कुठल्या देशाचा मागायचा? सहा देश आहेत.

हिशोबी :
जिथे सगळ्यात जास्त दिवस राहणार त्याचा. सगळीकडे सारखेच असतील तर पहिल्यांदा जिथे शिराल त्याचा. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, फी ९० युरो, आणि विमा किमान ३०,००० युरोंचा. लंडन शेंगेनमध्ये (एका व्हिसावर फिरता येतं ते युरोपातले देश) नाही, त्याचा व्हिसा वेगळा. सहा देश कमी कर रे बाबा.

चहाबाज :
व्हेनिसचं कसं कोणी लिहिलं नाही? आम्ही "व्हेनिस" वाचलं आणि उतरलो. रात्रीचे साडेदहा. बाहेर बस, टॅक्सी, सिग्नल. बायको म्हणाली, पाणी कुठाय? पाणी नव्हतंच, ते मेस्त्रे होतं, जमिनीवरचं. पुढचं सांता लुचिया. दुसऱ्या दिवशी तिथे गेलो, स्टेशनच्या पायऱ्यांवर आलं की थेट समोर ग्रँड कॅनॉल. बायको रात्रीचं सगळं विसरली. मग बॅगा घेऊन पूल चढायला लागलो आणि तिला पुन्हा आठवलं. तिथल्या पुलांना पायऱ्या असतात, आणि आमच्या बॅगा म्हणजे कपाटं.

घसरलेला डबा :
बॅगांचा वेगळा धागा काढा. चाक तुटलेल्यांचा.

साठीतला तरुण :
आमचा मधुचंद्र साठीनंतरचा. दोघांचंही दुसरं लग्न, मुलांनीच लावून दिलं. ६० नंतर पासवर १० टक्के सूट मिळते, तेवढा एक फायदा.

रोमहून रात्रीच्या गाडीने सिसिलीला गेलो. पहाटे व्हिला सान जिओव्हानीला गाडीचे तुकडे करून ते बोटीच्या पोटात ढकलतात, प्रवासी आतच. मेस्सिनाची सामुद्रधुनी गाडीसकट ओलांडायची. धक्के बसायला लागले तशी ही घाबरून उठली. म्हटलं चल वर. जिना चढून डेकवर गेलो. अंधार, वारा, समोर मेस्सिनाचे दिवे. बोटीवर भाताचे तळलेले गरमागरम गोळे मिळाले, आरांचिनी. ते खाता खाता तिने पहिल्यांदा आपल्या आधीच्या नवऱ्याबद्दल सांगितलं. त्याला समुद्राची फार हौस होती. मीही माझ्या पहिलीबद्दल बोललो. खाली येऊन बघतो तर आमचा डबा सापडेना, सगळे सारखेच.

रिमझिम :
काका ❤

दुपारची डुलकी :
वाचून दोन मिनिटं फोन बाजूला ठेवला. काकूंना नमस्कार.

खिडकीपाशी :
वेळ कमी आहे, भराभर लिहिते. बर्निनासाठी (स्वित्झर्लंडमधून डोंगर ओलांडून इटलीत तिरानोला उतरणारी रेल्वे) पॅनोरामाच्या महागड्या डब्यामागे लागू नका. त्याच रुळांवरून साध्या लाल गाड्या जातात, त्यांना आरक्षण लागत नाही, आणि काही डब्यांच्या खिडक्या उघडतात. बंद काचेतून फोटोत डोंगराऐवजी तुमचंच नाक येतं. वर ओस्पित्सिओ बर्निनाला २,२५३ मीटरवर बर्फ, आणि थोड्या वेळात खाली तिरानोला आइस्क्रीम. प्रागहून ड्रेस्डेनला जाताना उजवीकडे बसा, एल्बे नदी त्या बाजूला.

बाळ उठलं. नॉर्वेचं नंतर.

चहाबाज :
तिरानो म्हणजे धागाकर्तीची रुसव्याची गाडी जाते तेच ना? शेवटपर्यंत बसल्या असत्या तर बर्निना झाली असती.

भटकभवानी :
अगंबाई! हे मला आज कळतंय.

खिडकीपाशी :
झोपलं. नॉर्वेत मिर्दाल ते फ्लोम, २० किलोमीटरचा उतार. मध्ये श्योसफोसेन धबधब्याशी गाडी थांबते, सगळे खाली उतरतात, आणि उन्हाळ्यात कातळावर लाल कपड्यांत एक बाई नाचायला लागते. तिकडच्या लोककथेतली मोहिनी म्हणे, पुरुषांना डोंगरात ओढून नेते. आमचा नवरा एक आठवड्याचा. गाडीची शिट्टी झाली, सगळे चढले, हा कठड्याशी. मी दारातून ओरडतेय. अजून टोमणे ऐकतो.

घसरलेला डबा :
त्या माणसाची बाजूही ऐकायला हवी.

शंकासुर :
ऑक्टोबरच्या शेवटी जावं का? गर्दी कमी असेल ना?

रिमझिम :
आम्ही गेलो होतो. त्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळं तासभर मागे घेतात. आमची रात्रीची गाडी कुठल्याशा स्टेशनात तासभर नुसती उभी, नाहीतर वेळेच्या आधी पोचली असती. सगळे झोपलेले, आम्ही दोघं जागे. त्या तासाचा हिशोब कुठल्याच घड्याळात नाही.

दुपारची डुलकी :
आणि त्या तासात काय केलंत?

रिमझिम :
बिस्किटं खाल्ली.

भटकभवानी :
ह्यांनी धागा वाचला. म्हणतात तारीख त्यांनी लिहिलीच नव्हती, मी लिहिली होती. सतरा वर्षं ऐकून घेतलं म्हणे.

घसरलेला डबा :
पुरावा?

भटकभवानी :
पास आहे अजून, माळ्यावर असेल. शोधते. तुम्हीच बघा कोणाचं अक्षर आहे ते.

चहाबाज :
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

शंकासुर :
तोवर कोणी सांगेल का, पॅरिसला गार द ल्यों ते गार द्यु नोर बदलायला किती वेळ धरावा?

हिशोबी :
तास तरी धर. दोन वेगळी स्टेशनं, मेट्रोने जावं लागतं. बॅगा असतील तर जास्तच.

भटकभवानी :
सापडला. सातचा आकडा मधे आडवी रेघ मारून काढलाय. तशी रेघ घरात मीच मारते.

भाचीला लिंक देत नाहीये.