दिवा लागला म्हणजे पुढची चाकं ओढतातच असं नाही

जुनी फोर-व्हील ड्राइव्ह (चारही चाकं ओढणारी) गाडी घेताना चेसिसचा, म्हणजे खालच्या सांगाड्याचा, गंज आधी बघा, हा इथला सल्ला पटला. कोकणात किनाऱ्यावर फिरवलेली गाडी तर खाली शिरूनच बघावी. पण 'डॅशबोर्डवर फोर-व्हीलचा दिवा लागला की झालं' याच्याशी सहमत नाही. मी तसाच फसलो. दिवा लागायचा, पुढची चाकं मात्र ढिम्म. पुढच्या चाकांना अ‍ॅक्सलशी जोडणारे हबच लॉक होत नव्हते. पहिल्याच चिखलात कळलं. ट्रॅक्टरने ओढून काढली, वर गावभर करमणूक.

चाचणी मातीवरच घ्या. पार्ट-टाइम फोर-व्हीलला (जी गरजेपुरतीच चालू करायची) मधला डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर, नसतो, त्यामुळे कोरड्या डांबरावर वळताना गाडी अडखळते. तो दोष नव्हे. 'फोर-लो' (कमी वेग, जास्त ओढ देणारा गिअर) हाही टाकून बघा. ट्रान्सफर केसचं (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीचं) ऑइल थोडं काढा, दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. आणि हो, चारही टायर एकाच मापाचे आहेत ना?